फिल्टरचा सांडवा

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर सहा ऑइल फिल्टर ओळीनं मांडलेत. त्यातले तीन हॅक्सॉनं उभे कापलेले, बाकीचे आतलं सामान बाहेर काढून ठेवलेले. गाडीचं काम होईपर्यंत गिऱ्हाईक इकडंतिकडं बघत बसतं आणि हमखास विचारतं, "मिस्त्री, हे भंगार कशाला जपलंय?" मी म्हणतो, हे आमच्या घराचं दप्तर आहे. पहिला फिल्टर अण्णांच्या हातचा, बाकीचे माझ्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या गाडी विभागात फिटर होते. प्रवरेच्या खोऱ्यात लोणीला १९५० साली पहिला सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग जिल्ह्यात एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या. प्रत्येक कारखान्याला ऊस जसा लागायचा, तशा जीपगाड्याही लागायच्या. शेतकी ऑफिसर जीपमधून, चिटबॉय सायकलवर, अशी विभागणी. मी शाळा सुटली की अण्णांच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. पुढं आयटीआय केलं, रस्त्यालगत स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि चाळीस वर्षं हात काळे केले.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण एका कॉलेजच्या पोराचा प्रश्न. नवा फिल्टर हातात घेऊन तो आला. खोक्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, बायपास व्हॉल्व्ह, १ बार. तो म्हणाला, "काका, माझ्या इंजिनाचं ऑइल प्रेशर चार बार असतं. हा व्हॉल्व्ह एक बारलाच उघडतो. म्हणजे तो कायमच उघडा राहणार, आणि ऑइल कधी गाळलंच जाणार नाही. मग फिल्टरला पैसे कशाला घालायचे?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या बरोबरीच्या निम्म्या मिस्त्र्यांना तो कधी पडलेला नाही. उत्तर एका वाक्यात देता आलं असतं, पण ते त्याला पटलं नसतं. म्हणून त्याला फळीपाशी नेलं आणि पहिल्या फिल्टरपासून सुरुवात केली.

पहिला फिल्टर जीपचा. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तिच्या इंजिनाशेजारी उभा असायचा तसला हा पत्र्याचा गोल डबा. वर झाकण, झाकणाला एक बोल्ट, आत काढता-घालता येणारं पुडकं. डब्याला दोन बारीक नळ्या. एक नळी ऑइलच्या मुख्य वाटेतून थोडं ऑइल आणायची, दुसरी ते गाळून परत इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये सोडायची. वाटेत मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं, म्हणजे सगळं ऑइल इकडं पळू नये. बेअरिंगला जाणारं ऑइल या डब्यात यायचंच नाही. पंपातून निघालेल्या ऑइलपैकी दहातला एखादा हिस्सा डब्याकडं, बाकीचं न गाळता सरळ बेअरिंगला.

अण्णा हे पाटाच्या पाण्यावरून समजावून सांगायचे. आमच्याकडं पाणी भंडारदऱ्याचं, ते धरण १९२६ साली पुरं झालं, त्यामुळं पाट, चारी, सांडवा हे शब्द बाराखडीच्या आधी कानावर पडतात. अण्णा म्हणायचे, "जीपचा फिल्टर म्हणजे पाटातून फोडलेली चारी. चारी तुंबली तरी पाट वाहतच राहतो." शेडमध्ये कितीतरी जीपांचे डबे वर्षानुवर्षं कुणी उघडलेले नसायचे. आतलं पुडकं डांबराचा गोळा झालेलं. तरी जीप चालायची. बेअरिंग लवकर झिजायचं, पण इंजिन उपाशी मरायचं नाही. या पद्धतीला इंग्रजी मॅन्युअलात बायपास फिल्टर म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा. पुढं त्याच शब्दानं बाजू बदलली आहे, आणि अर्धा घोटाळा तिथंच आहे.

फिल्टर मोटारीत आला त्याची गोष्ट आमच्या कारखान्यापासून फार लांबची नाही. अर्नेस्ट स्वीटलंड नावाच्या अमेरिकन माणसानं आधी खाणी आणि रसायनांच्या कारखान्यांसाठी दाबाखाली गाळणारे मोठे प्रेस बनवले. त्याच्या नावाचे स्वीटलंड प्रेस साखर शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतही चालत. पुढं त्याची फिल्टर कंपनी ज्या कंपन्यांत मिसळत गेली, त्यांतून ऑलिव्हर युनायटेड फिल्टर्स झाली. आमच्या कारखान्यात रसातली मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या पिंपाला सगळे 'ऑलिव्हर'च म्हणत. मळी ऑलिव्हरवर, जळकं ऑइल जीपच्या डब्यात, आणि दोन्हींमागं एकच घराणं, हे अण्णांना कधी कळलं नाही. मला कळलं तेव्हा ते नव्हते.

१९२३ च्या सुमारास स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहॉल यांनी मोटारीच्या ऑइलसाठी गाळणी काढली. नाव ठेवलं प्युरोलेटर. 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे तेल पुढं शुद्ध, या तीन शब्दांची मोळी बांधून केलेलं नाव. त्याआधी पंपाच्या तोंडाला तारेची जाळी असायची, तेवढीच काय ती गाळणी. जाळीत खडा अडकतो, काजळी अडकत नाही. जानेवारी १९२४ मध्ये वॉल्टर क्रायस्लरनं न्यूयॉर्कला आपली पहिली क्रायस्लर सिक्स दाखवली, तिच्यात हा फिल्टर कारखान्यातूनच बसून आला. त्याच क्रायस्लरशी करार करून वालचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला घेतल्या, तेही १९४७ सालीच. म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबईत दोन ठिकाणी गाड्या जुळत होत्या, आणि दोन्हीकडची रीत तीच, पाटाशेजारची चारी.

मग ही रीत मोडली कशानं? इंजिनानंच. जुन्या इंजिनांत बेअरिंगला जाड, मऊ धातूचा थर ओतलेला असायचा. कचऱ्याचा कण आला की त्यात रुतून बसायचा, क्रँकला ओरखडा जायचा नाही. पुढं वेग वाढला, दाब वाढला, आणि बेअरिंगची जागा पातळ टिकल्यांनी घेतली. आमच्याकडं त्यांना शेल म्हणतात. शेलवरचा मऊ थर कागदासारखा, त्यात कण रुतायला जागा कुठली? त्यातच हायड्रॉलिक टॅपेट आले, त्यांना स्वच्छ ऑइलच लागतं. ऑइलही बदललं. पूर्वीचं ऑइल घाण खाली बसू द्यायचं, चेंबर उघडलं की बोटभर चिखल. नव्या डिटर्जंट ऑइलनं घाण अंगावर घेऊन फिरायला सुरुवात केली. फिरणारी घाण कुठंतरी अडवायलाच हवी. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू कंपन्यांनी ठरवलं, चारी नको, जाळी पाटातच बसवू. बेअरिंगला जाणारा प्रत्येक थेंब गाळूनच जाईल. याला फुल फ्लो म्हणतात.

ही रीत एका रात्रीत आली असंही नाही. १९५५ साली शेव्हरोलेनं आपलं गाजलेलं व्ही-८ इंजिन काढलं, तेव्हा त्याच्या ब्लॉकमध्ये फिल्टर बसवायची सोयच नव्हती. ज्याला हवा त्यानं चारीवाला डबा वेगळा लावून घ्यायचा. दुसऱ्या वर्षी ब्लॉकमध्येच फुल फ्लोची जागा आली. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीला एवढा उशीर लागला, मग आमच्या अण्णांची जीप चारीवर वीस वर्षं चालली त्यात नवल नाही.

पण जाळी पाटातच बसवली की नवी भीती उभी राहते. जाळी तुंबली तर खालचं सगळं शिवार कोरडं. इंजिनाचं शिवार म्हणजे क्रँक, कॅम, टॅपेट. पिकाला पाणी दोन दिवस नाही मिळालं तर ते माना टाकतं. बेअरिंगला ऑइल मिनिटभरही नाही मिळालं तर ते धरतं. म्हणून फुल फ्लो फिल्टरला एक दार ठेवावंच लागलं. जाळी पाणी घेईनाशी झाली की दार उघडतं, ऑइल न गाळता पुढं जातं, आणि इंजिन जगतं. हाच बायपास व्हॉल्व्ह. बघा, पूर्वी बायपास म्हणजे बाजूला काढून गाळणं होतं. आता बायपास म्हणजे गाळणीला बाजूला ठेवणं. शब्द तोच, काम उलटं. माझ्या दुकानात आजही कुणी "बायपासवाला फिल्टर द्या" म्हटलं की मी आधी विचारतो, कुठला बायपास?

मी या व्हॉल्व्हला सांडवा म्हणतो. धरणाला सांडवा ठेवतात तो पाणी वाया घालवायला नाही, भिंत वाचवायला. कंपनीनं फिल्टरला सांडवा ठेवला याचा अर्थ तिनं कबूल केलं की मळकं ऑइल चालेल, पण कोरडं बेअरिंग चालणार नाही. सांडव्याचा माथा किती उंचीवर ठेवायचा, तोच खोक्यावरचा आकडा.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं. पाटात लोखंडी जाळी लावलेली असते, ती नीट बघितलीय का कधी? पाला अडकला की जाळीच्या अलीकडं पाणी चढतं, पलीकडं उतरतं. जाळी किती तुंबली हे पाटात एकूण पाणी किती खोल आहे यावरून कळत नाही. अलीकडची पातळी आणि पलीकडची पातळी यांतला फरक सांगतो. पाट काठोकाठ भरून वाहत असेल पण जाळी स्वच्छ असेल, तर फरक चार बोटंही नसतो. फिल्टरचा आकडा हा त्या फरकाचा आहे. समजा फिल्टरच्या आधी ऑइलचा दाब चौरस इंचाला ५६ पौंड आहे आणि फिल्टरमधून बाहेर पडल्यावर ५२. व्हॉल्व्हला दिसतात फक्त ४ पौंड. तो १४ पौंडांना उघडणारा असेल तर हलणारसुद्धा नाही. डॅशबोर्डचा काटा दाखवतो तो पाटाची खोली, व्हॉल्व्ह मोजतो तो जाळीवरचा चढउतार. एकूण दाबाला लगाम घालणारा व्हॉल्व्ह वेगळाच असतो, पंपाजवळ, आणि त्याचा आकडा कितीतरी मोठा.

फळीवरचा दुसरा नग अॅम्बेसेडरचा. १९५९ नंतरच्या अॅम्बेसेडरला १४८९ सीसीचं वरच्या व्हॉल्व्हचं इंजिन आलं, ते मुळात इंग्लंडच्या बीएमसीचं. त्याला फुल फ्लो वाटी होती. पितळी नाही, पत्र्याची लांबोडकी वाटी, मधून आरपार बोल्ट. आत कागदाचं पुडकं, त्याखाली स्प्रिंग, स्प्रिंगवर चकती, आणि मधे एक नमद्याचं वॉशर. हे वॉशर टिकलीएवढं, पण सगळी चोरवाट तिथंच. ते हरवलं किंवा उलटं बसलं की ऑइल बोल्टच्या कडेनं पुडक्याला न भेटताच पुढं सटकतं. व्हॉल्व्ह बंद, पुडकं नवं, तरी ऑइल गाळलं जात नाही. वाटीच्या काठाला रबराची रिंग खाचेत बसते. जुनी रिंग टाचणीनं उचकून काढावी लागते. आळस करून नवी रिंग जुनीवरच बसवली की दहा किलोमीटरवर ऑइलचा फवारा. पाच-सहा पोरं माझ्या हाताखाली तयार झाली, प्रत्येकानं ही चूक एकदा केलीच आहे. मीही केली आहे.

वाटीत व्हॉल्व्ह गाडीबरोबर राहायचा, बदलायचं ते फक्त पुडकं. पुडकं कुणाचंही असलं तरी सांडव्याची उंची कंपनीनं ठरवलेलीच राहायची. ही रीत सोडली ती डबा फिल्टरनं. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्यावर हातानं फिरवून लावायचा डबा आला. पुडकं, स्प्रिंग, रबर, व्हॉल्व्ह सगळं एकात, वापरून टाकायचा. आमच्याकडं तो घराघरांत पोचवला मारुती ८०० नं, डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावला पहिली गाडी गिऱ्हाईकाला मिळाली त्यानंतर. फळीवरचा तिसरा नग तसलाच. मूठभर डबा, पट्टी पाना लावला की निघतो, बोटाला ऑइल लागत नाही. नवा लावताना रबरावर बोटानं ऑइल फिरवायचं, रबर टेकलं की हातानं पाऊण फेरा. आम्हाला चैन वाटली.

पण या चैनीबरोबर सांडवा डब्यात गेला. म्हणजे दर फिल्टरबरोबर सांडव्याची उंची बदलू शकते. आणि डब्याचे आटे जगभर मोजकेच. पाऊण इंचाचे सोळा आटे, किंवा २० मिलिमीटर दीड पिच, असल्या चार-पाच मापांत बहुतेक गाड्या बसतात. आटे सारखे, रबराचा घेर जवळपास सारखा, आकडे मात्र निरनिराळे. अमेरिकेतल्या त्या शेव्हरोले व्ही-८ ला व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच दिलेला, साधारण १० ते ११ पौंडांना उघडणारा, म्हणून तिच्या डब्यात व्हॉल्व्ह नसला तरी चालायचं. फोर्डनं आपल्या बऱ्याच डब्यांत तो आट्यांच्या बाजूला ठेवला, म्हणजे ऑइल तळाला साचलेल्या घाणीला न ढवळता पुढं जाईल. सुबारूचा आकडा २३ पौंड. फोक्सवॅगनच्या काही इंजिनांच्या डब्यांवर अडीच बार, म्हणजे जवळजवळ ३६ पौंड. एवढा फरक कुणाच्या लहरीनं पडलेला नाही. पंप जोरात ऑइल ढकलणारा असेल तर स्वच्छ कागदावरही फरक मोठा पडतो, म्हणून माथा उंच ठेवावा लागतो. माथा उंच ठेवला तर कागद आणि मधली नळी तेवढा दाब सोसणारी लागते. कागद, पंप आणि ऑइलचा जाडपणा, या तिघांत झालेला तह म्हणजे तो आकडा.

तह मोडला की काय होतं, ते फळीवरच्या चौथ्या डब्यात दिसतं. हा माझा अपराध आहे. १९८८ ची गोष्ट, पौषातली. गावातल्या एका डॉक्टरांची बाहेरून आणलेली जुनी गाडी होती. तिचा डबा नगरमध्ये मिळेना. मी दुकानदाराकडून आटे जुळवून दुसरा आणला. फिरवला, बसला, गळती नाही. आकड्याचा विचारच मनात आला नाही. तो डबा ज्या इंजिनासाठी होता त्याच्या ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह होता, म्हणून डब्यात नव्हता. डॉक्टरांच्या गाडीचा व्हॉल्व्ह डब्यातच असायला हवा होता. म्हणजे मी पाटात जाळी बसवली आणि सांडवाच ठेवला नाही.

थंडीत सकाळी ऑइल काकवीसारखं होतं. तेव्हा सगळीकडं २०डब्ल्यू-४० चालायचं. ते ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, ते इंजिन तापून १०० अंशांना पोचल्यावरच्या कितीतरी पट. नगरच्या पौषातल्या पहाटेला तर विचारू नका. डॉक्टर पेशंटच्या घाईनं सकाळी गाडी चालू करून लगेच दामटायचे. महिनाभरात एका सकाळी टॅपेट वाजायला लागले, मग खालून ठोके. मी ऑइल काढलं, डबा काढला, हॅक्सॉ घेतला. आत मधली भोकांची नळी उसाच्या चिपाडासारखी पिळवटून चपटी झालेली. कागद फाटून घड्या एकमेकींत शिरलेल्या. त्या कागदाचा काळा लगदा मला नंतर ऑइलच्या बारीक वाटांत सापडला, चिमट्यानं काढला. शेल गेले, क्रँक घासून आणावा लागला.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं आणि मजुरी घेतली नाही. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रक्तगट न बघता रक्त दिलंस की रे." त्या दिवसापासून तो डबा फळीवर आहे.

त्यानंतर मला या आकड्यांचं वेड लागलं. गॅरेजात प्रेशरचं बाक कुठून आणणार? मी किराणा दुकानातली लोखंडी वजनं आणली. कापलेल्या डब्यातून व्हॉल्व्हची चकती आणि स्प्रिंग तशीच जागेवर ठेवून काढली. व्हर्नियरनं भोक मोजलं, १२ मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. त्यावर १ किलोचं वजन एका खिळ्याच्या टोकावर तोलून ठेवलं. चकती हलली नाही. वर १०० ग्रॅम. केसभर फट. आणखी १०० ग्रॅम, आणि चकती स्वच्छ खाली गेली. १२०० ग्रॅम भागिले १.१३, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १.०६ किलो, म्हणजेच १५ पौंड. दुसऱ्या एका स्वस्त डब्यातली चकती ७०० ग्रॅमलाच पडली, म्हणजे ९ पौंडांच्या आतच. दोन्ही डबे दुकानदारानं "एकच आहे, मिस्त्री" म्हणून दिलेले. तिसऱ्यात चकती वाकडी बसलेली, वजन न ठेवताही फट. तो सांडवा बारमाही वाहणारा. त्याचा मालक दर पाच हजाराला ऑइल बदलायचा आणि न गाळलेलं ऑइलच इंजिनाला पाजायचा.

हा खेळ वजनांचा. खरी तपासणी ऑइल वाहतं ठेवून करतात, त्यासाठी जागतिक मानक आहे, आयएसओ ४५४८. त्याचा दुसरा भाग अख्खा या व्हॉल्व्हसाठी लिहिलेला आहे, कुठल्या फरकाला उघडायला लागतो आणि उघडल्यावर किती ऑइल जाऊ देतो. एका बारीक स्प्रिंगसाठी जगातल्या इंजिनिअरांनी स्वतंत्र प्रकरण लिहावं, आणि आपण आटे जुळले की डबा फिरवावा, याची मला तेव्हा लाज वाटली.

पाचवा नग किर्लोस्कर कमिन्सचा, १९६२ साली निघालेल्या या कंपनीच्या कोथरूडच्या कारखान्यातल्या मोठ्या इंजिनाची जोडी. एक डबा फुल फ्लोचा, शेजारी दुसरा मोठा डबा जुन्या अर्थाच्या बायपासचा. तो थोडंसंच ऑइल घेतो, पण फार बारीक गाळून चेंबरला परत देतो. म्हणजे अण्णांच्या जीपची चारी मोडीत निघाली नव्हती, मोठ्या डिझेल इंजिनात ती पाटाशेजारी पुन्हा उभी राहिली. कारखान्याच्या जनरेटरवर हे दोन डबे बघून अण्णा खुश व्हायचे. "जाळी पण आणि चारी पण," म्हणायचे, "श्रीमंताघरचं काम."

सहावा अगदी अलीकडचा. नगर रस्त्यावर रांजणगावला फियाटच्या कारखान्यात ज्या १.३ लिटर डिझेल इंजिनांचं काम झालं, तसल्या इंजिनाचं कागदी पुडकं. पत्र्याचा डबा गेला, पुन्हा घर इंजिनाला आणि बदलायचं ते फक्त पुडकं, जाळून टाकता येण्यासारखं. म्हणजे अॅम्बेसेडरची वाटी फिरून परत आली, प्लास्टिकच्या अंगानं. व्हॉल्व्हही पुन्हा घरात गेला, डब्याबरोबर कचऱ्यात जायचा थांबला. चाळीस वर्षांत सांडवा वाटीतून डब्यात गेला आणि डब्यातून घरी परत आला. आजची पातळ ऑइलं, ०डब्ल्यू-२० वगैरे, थंडीतही पाण्यासारखी वाहतात, त्यामुळं सांडवा फार क्वचित वाहतो. पण लोक आता ऑइल बदलायला दहा-पंधरा हजार किलोमीटर थांबतात, त्यामुळं जाळी तुंबायची भीती दुसऱ्या बाजूनं आली.

पोरानं सगळं ऐकलं. मग चेपलेला डबा हातात घेऊन विचारलं, "मग काका, जास्त आकड्याचा फिल्टर लावला तर जास्त गाळेल ना?" हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा येतो, म्हणून उत्तर लिहूनच ठेवतो. नाही. आकडा गाळणीचा बारीकपणा सांगत नाही. तो फक्त सांगतो की गाळणी तुंबल्यावर किती फरकाला दार उघडेल. माथा फार खाली ठेवला तर सकाळच्या थंडीत रोज न गाळलेलं ऑइल बेअरिंगला जातं. फार वर ठेवला तर कागद फाटतो, नाहीतर बेअरिंग उपाशी राहतं. ज्यानं इंजिन बांधलं त्यानं ती उंची ठरवली आहे, आपण ती बदलायला जाऊ नये.

म्हणून गाडीवाल्यांना हात जोडून सांगतो. फिल्टर घ्यायला जाल तेव्हा जुना डबा दुकानदारापुढं टाकून "असलाच द्या" म्हणू नका. गाडीचं नाव, साल आणि इंजिनाचा प्रकार सांगा, पुस्तकातला नंबर मागा. आणि ऑइल बदलाल तेव्हा फिल्टरही बदला, एक सोडून एक असं नको. सांडवा रोज वाहायला लागला तर दोष सांडव्याचा नसतो, जाळी कुणी साफ केली नाही त्याचा असतो.